नकारांतून उभे राहिलेले महोत्सव

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कोणत्याही महोत्सवाची कार्यक्रमपुस्तिका उघडली, की कलाकारांचे परिचय एका ठरावीक साच्यात छापलेले आढळतात. जन्म अमुक गावी, शिक्षण अमुक गुरूंकडे, पहिला जाहीर कार्यक्रम अमुक साली, आणि मग महोत्सवांची नामावळी: साल्झबर्ग, बायरॉइट, ल्युसर्न, एडिंबरा, ग्लाइंडबर्न. आपल्याकडे गवयाच्या परिचयात घराण्याला आणि गुरूला जे स्थान असते, साधारण तेच स्थान या परिचयांत महोत्सवांच्या नावांना असते. कलाकार कोठवर पोहोचला हे वाचकाने त्यावरून ओळखावे, अशी अपेक्षा असते.

हा परिचय म्हणजे एक लहानसा वाङ्मयप्रकारच आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे त्याच नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटते. चरित्राचा हा प्रकार केवळ होकारांनी बनतो. कोणते निमंत्रण स्वीकारले ते त्यात येते. कोणते परत पाठवले ते येत नाही. एरवी यात फारसे बिघडत नाही. मात्र १९३३ ते १९५० या काळातील संगीतकारांचे परिचय वाचताना ही उणीव मोठी ठरते. त्या वर्षांत युरोपातील अनेक कारकिर्दींना कलाटणी मिळाली ती दिलेल्या नकारांमुळे, किंवा हाकलून दिले गेल्यामुळे. शिवाय आज भूषण म्हणून मिरवणाऱ्या महोत्सवांपैकी काही महत्त्वाचे महोत्सव या नकारांच्या आणि हद्दपारीच्याच पोटी जन्मले. ती हकीकत येथे मांडावी आणि तिच्यातून उठणाऱ्या प्रश्नांचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

आरंभी वाद्यवृंदाच्या संचालकाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्या परंपरेत या भूमिकेला समांतर अशी भूमिका नाही. गवयाला दरबार नकोसा झाला, तर तो घरी बसून तंबोऱ्यावर गाऊ शकतो. त्याचे वाद्य त्याच्या गळ्यात असते. संचालकाचे वाद्य म्हणजे ऐंशी-शंभर वादकांचा समूह. तो समूह संस्थेच्या पगारावर असतो, संस्था नगरपालिकेच्या वा राज्याच्या पैशावर चालते आणि सभागृहही त्यांचेच असते. संस्थेबाहेर पडलेला संचालक मुका होतो. म्हणूनच संचालकाच्या नकाराची किंमत लेखकाच्या वा चित्रकाराच्या नकारापेक्षा निराळ्या जातीची असते.

बायरॉइट आणि ड्रेस्डेन

आर्तुरो तोस्कानिनी १९३० साली बायरॉइटच्या महोत्सवात प्रथम उभे राहिले. हा महोत्सव रिचर्ड वॅग्नर यांनी १८७६ साली केवळ स्वतःच्या संगीतनाट्यांसाठी सुरू केला होता आणि त्यांच्यानंतर तो त्यांच्या कुटुंबाच्याच ताब्यात राहिला. जर्मन परंपरेबाहेरच्या संचालकाला तोवर तेथे प्रवेश मिळाला नव्हता. इटलीतल्या पार्मा गावच्या या माणसाला लहानपणापासून वॅग्नरचे वेड. त्यांच्या दृष्टीने ते तीर्थक्षेत्रच होते. १९३० आणि १९३१ असे दोन उन्हाळे त्यांनी तेथे काम केले. १९३३ साली त्यांनी पुन्हा यायचे ठरले होते.

त्या वर्षी जानेवारीअखेर हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये लाइप्झिग आणि बर्लिन येथील ब्रुनो वाल्टर यांच्या मैफली धमक्या देऊन बंद पाडण्यात आल्या, कारण वाल्टर ज्यू होते. १ एप्रिलला अमेरिकेतल्या काही संगीतकारांनी हिटलरला निषेधाची तार पाठवली. तिच्यावर पहिली सही तोस्कानिनी यांची होती. उत्तरादाखल जर्मन रेडिओने सही करणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदी घातली. मात्र तोस्कानिनी बायरॉइटला हवेच होते, म्हणून खुद्द हिटलरने त्यांना आर्जवी पत्र लिहिले. काही आठवडे विचार करून तोस्कानिनी यांनी येण्यास नकार दिला. त्या उन्हाळ्यात ‘पार्सिफाल’चे संचालन रिखार्ड श्ट्राउस यांनी केले. मार्चमध्ये बर्लिनला वाल्टर यांच्या जागीही तेच उभे राहिले होते.

तोस्कानिनी यांचा हा पहिलाच नकार नव्हता. १९३१ च्या मे महिन्यात बोलोन्या येथे मैफलीपूर्वी फॅसिस्ट पक्षाचे गीत वाजवण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा नाट्यगृहाच्या दारातच त्यांना मारहाण झाली. त्यानंतर मुसोलिनीची राजवट संपेपर्यंत त्यांनी मायदेशात वाद्यवृंदासमोर उभे राहणे टाळले. १९४६ साली मिलानचे ला स्काला पुन्हा उघडले तेव्हाच ते परतले. पण बायरॉइटचा नकार त्यांना अधिक जड गेला असावा. इटलीत त्यांना एका राजवटीशी संबंध तोडायचा होता. बायरॉइटला ज्या वास्तूवर त्यांची भक्ती होती, तिच्याकडेच पाठ फिरवायची होती.

तोस्कानिनी यांच्यापाशी न्यूयॉर्कचा वाद्यवृंद होता, जगभर कीर्ती होती. फ्रिट्झ बुश यांच्यापाशी तितके काही नव्हते. ते ड्रेस्डेनच्या ऑपेराचे प्रमुख होते, जन्माने जर्मन होते आणि ज्यू नव्हते. ७ मार्च १९३३ रोजी ‘रिगोलेत्तो’च्या प्रयोगाला ते संचालनासाठी आले, तेव्हा सभागृहात पेरलेल्या नाझी स्वयंसेवकांनी आरडाओरडा करून त्यांना खाली उतरवले. नाझींविषयीची नावड त्यांनी कधी लपवली नव्हती, एवढाच त्यांचा अपराध. जुळवून घेतले असते, तर त्यांना जर्मनीत पुन्हा जागा मिळाली असती. ते ब्युनोस आयरेसला निघून गेले. त्यांचे बंधू, विख्यात व्हायोलिनवादक आडोल्फ बुश, आधीपासूनच स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. ज्यू दुकानांवरच्या बहिष्काराचे दृश्य पाहून त्यांनी जर्मनीतले आपले सर्व कार्यक्रम रद्द केले. जर्मनी हीच त्यांची मुख्य श्रोतृभूमी होती. १९३८ साली इटलीत वंशभेदाचे कायदे आले, तेव्हा तेथील कार्यक्रमही त्यांनी सोडले.

येथून पुढे गोष्ट इंग्लंडकडे वळते. ससेक्स परगण्यातले जमीनदार जॉन ख्रिस्टी यांनी आपल्या ग्लाइंडबर्न येथील वाड्याला लागून तीनशे आसनांचे एक लहान ऑपेरागृह बांधले. त्यांची पत्नी ऑड्री मिल्डमे गायिका होती. बांधले तर खरे, पण चालवणार कोण? जर्मनीतून बाहेर पडलेले फ्रिट्झ बुश नेमके मोकळे होते. त्यांनी बर्लिनच्या ऑपेरातून दूर केले गेलेले दिग्दर्शक कार्ल एबर्ट यांना बोलावून घेतले, आणि व्यवस्थापनात मूळचे व्हिएन्नाचे रुडॉल्फ बिंग आले. २८ मे १९३४ रोजी मोझार्टच्या ‘फिगारो’ने ग्लाइंडबर्नचा पडदा उघडला. दीर्घ तालमी, नामांकित गायकांपेक्षा एकसंध संच आणि संगीत व नाट्य यांचा मेळ, ही जर्मनीतल्या उत्तम ऑपेरागृहांची रीत ससेक्सच्या हिरवळीवर जशीच्या तशी येऊन उतरली. इंग्लंडला मिळालेली ही देणगी ड्रेस्डेन आणि बर्लिन यांनी फेकून दिलेली होती.

साल्झबर्ग

साल्झबर्गचा महोत्सव २२ ऑगस्ट १९२० रोजी सुरू झाला. त्या दिवशी तेथील कॅथेड्रलसमोरच्या चौकात माक्स राइनहार्ट यांनी कवी हुगो फॉन होफमान्स्टाल यांचे ‘येडरमान’ हे नाटक सादर केले. महायुद्धात साम्राज्य गमावलेल्या ऑस्ट्रियाला कलेच्या आधाराने पुन्हा स्वतःची ओळख द्यावी, हा संस्थापकांचा मानस होता. १९३३ साली जर्मनीने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या आपल्या नागरिकांवर एक हजार मार्कांची पट्टी बसवली. साल्झबर्ग सीमेला लागूनच असल्याने जर्मन श्रोते एकाएकी नाहीसे झाले. १९३४ च्या जुलैत, महोत्सव तोंडावर असताना, ऑस्ट्रियाचे पंतप्रधान डॉल्फुस यांची नाझींनी हत्या केली. महोत्सव टिकेल की नाही अशी शंका असतानाच त्या उन्हाळ्यात तोस्कानिनी साल्झबर्गला आले.

बायरॉइट सोडलेला संचालक साल्झबर्गला आला, याचा अर्थ साऱ्या युरोपला कळला. पुढल्या वर्षी त्यांनी ‘फाल्स्टाफ’ आणि ‘फिदेलिओ’ केले, १९३६ साली ‘माइस्टरसिंगर’ आणि १९३७ साली ‘जादूची बासरी’. जोडीला ब्रुनो वाल्टर होतेच. श्रोत्यांचा ओघ इंग्लंड-अमेरिकेकडून सुरू झाला. ‘माइस्टरसिंगर’ची निवड ध्यानात घेण्याजोगी आहे. ही कृती नाझींनी आपल्या पक्षसोहळ्यांचे भूषण करून टाकली होती. तोस्कानिनी यांनी ती सीमेपलीकडे, जर्मनीतून घालवलेल्या लोकांसह उभी केली. वॅग्नरवरचा नाझींचा मालकीहक्क त्यांना मान्य नव्हता, हे यातून दिसते.

हे चित्र अगदी निर्मळ होते असेही म्हणता येत नाही. त्या वर्षांतले ऑस्ट्रियाचे सरकार नाझीविरोधी असले तरी लोकशाहीवादी नव्हते. संसद गुंडाळून, समाजवाद्यांवर तोफा डागून ते आले होते. तोस्कानिनी यांनी मुसोलिनीला नकार दिला, पण मुसोलिनीच्याच पाठिंब्यावर तगलेल्या या सरकारच्या महोत्सवाला होकार दिला. नकार देणाऱ्यालाही कोठेतरी उभे राहावे लागते, आणि ती जागा सहसा पूर्ण स्वच्छ नसते.

१९३७ च्या उन्हाळ्यात विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर साल्झबर्गला आले. बायरॉइटलाही ते त्याच हंगामात संचालन करीत होते. या दोघांच्या तेथील भेटीचे अनेक वृत्तान्त सांगितले जातात. शब्द वेगवेगळे असले तरी वादाचा गाभा एकच आहे. बायरॉइटला जो उभा राहतो त्याने साल्झबर्गला येऊ नये, असे तोस्कानिनी यांचे म्हणणे. बेटोव्हन आणि वॅग्नर जेथे वाजतात तेथे ऐकणारा माणूस त्या वेळेपुरता तरी स्वतंत्र असतो, हे फुर्टव्हेंग्लर यांचे म्हणणे.

फुर्टव्हेंग्लर यांचे हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. ते नाझी पक्षाचे सदस्य कधीच झाले नाहीत. १९३४ साली संगीतकार हिंडेमिट यांच्या बाजूने त्यांनी वृत्तपत्रात उघडपणे लिहिले आणि परिणामी पदांचे राजीनामे दिले. काही ज्यू वादकांना वाचवण्यासाठी त्यांनी खटपट केली, हेही नोंदले गेले आहे. न्यूयॉर्क सोडताना १९३६ साली तोस्कानिनी यांनी आपल्या जागी सुचवले ते फुर्टव्हेंग्लर यांचेच नाव; विरोध झाल्यावर त्यांनी स्वतःच माघार घेतली. मात्र १९३५ साली ते पुन्हा जर्मन व्यासपीठावर आले होते, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला बेटोव्हनच्या नवव्या सिंफनीचे संचालन त्यांनीच केले. मानवी बंधुत्वाचा पुकारा करणारी ती कृती त्या सभागृहात वाजली, तेव्हा ऐकणारे खरोखर स्वतंत्र झाले का? संगीताचे सामर्थ्य मानणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न अडचणीत टाकतो, आणि साहित्याच्या अभ्यासकालाही तो टाळता येणार नाही. उत्तम कृती आपल्या वाचकाला आपोआप उत्तम करते, अशी आपलीही एक लाडकी समजूत असते.

१२ फेब्रुवारी १९३८ रोजी हिटलरने ऑस्ट्रियाचे पंतप्रधान शुश्निग यांना बेर्खटेसगाडेन येथे बोलावून दमदाटी केली. ही बातमी कळताच तोस्कानिनी यांनी साल्झबर्गला न येण्याचे कळवले. महिन्याभरात ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाली. ३० एप्रिलला साल्झबर्गच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. राइनहार्ट आधीच अमेरिकेत होते, वाल्टर विलीनीकरणाच्या वेळी देशाबाहेर होते. दोघेही तेव्हा परतले नाहीत. ‘येडरमान’ बंद झाले. महोत्सव मात्र ठरल्याप्रमाणे पार पडला, आणि ‘माइस्टरसिंगर’चे संचालन फुर्टव्हेंग्लर यांनी केले.

ट्रिब्शेनची बाग

त्याच उन्हाळ्यात, २५ ऑगस्ट १९३८ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न येथे तोस्कानिनी यांनी एका बागेत वाद्यवृंदाचे संचालन केले. ही बाग ट्रिब्शेन येथील घराची. १८६६ ते १८७२ या काळात वॅग्नर तेथे राहत होते, आणि पत्नी कोझिमा हिच्यासाठी लिहिलेले ‘सिगफ्रीड इडिल’ १८७० च्या नाताळच्या सकाळी त्याच घराच्या जिन्यावर पहिल्यांदा वाजले होते. तोस्कानिनी यांनी तेच तेथे वाजवले. निवडक वादकांच्या त्या संचाच्या अग्रभागी आडोल्फ बुश होते. ल्युसर्नचा महोत्सव आपला आरंभ त्या दिवसापासून मोजतो.

या प्रसंगाची थोरवी आम्हांस त्याच्या भव्यतेत दिसत नाही. कृती तर अगदी घरगुती आहे. बायरॉइटचा वॅग्नर राजवटीने उचलून नेला होता. तेव्हा ज्यांनी बायरॉइट सोडले होते, ते वॅग्नरच्या दुसऱ्या, जुन्या घरी गेले. नकार माणसांना आणि सत्तेला होता, संगीताला नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, व्हायोलिनवादक हुबेरमान यांनी युरोपातल्या हाकललेल्या ज्यू वादकांना जमवून उभारलेल्या पॅलेस्टाईन वाद्यवृंदासमोर तोस्कानिनी यांनी वॅग्नरच्याच ‘लोएनग्रिन’मधले अंश वाजवले होते. या वाद्यवृंदाचा २६ डिसेंबर १९३६ चा तेल अवीव येथील पहिला कार्यक्रमही त्यांनीच, एक पैसा न घेता, केला होता.

ज्यांना नकाराची मुभा नव्हती

आतापर्यंतची नावे वाचून असा समज होऊ शकतो, की त्या काळी प्रश्न होता तो केवळ धैर्याचा. तसे नव्हते. नकार देण्यासाठी आधी निमंत्रण असावे लागते. आर्नोल्ड रोझे १८८१ पासून व्हिएन्नाच्या ऑपेरा वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक होते. १९३८ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांना दूर करण्यात आले. ते लंडनला गेले आणि १९४६ साली तेथेच वारले. त्यांची कन्या आल्मा हिने आउशविट्झच्या छावणीत स्त्री-कैद्यांच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. १९४४ साली छावणीतच तिचा अंत झाला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने २०१३ साली इतिहासकारांकरवी आपल्या त्या काळाचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९४२ साली १२३ वादकांपैकी ६० नाझी पक्षाचे सदस्य होते, आणि काढून टाकलेल्या ज्यू वादकांपैकी पाच जण छावण्यांत व ज्यूंच्या कोंडवस्त्यांत मरण पावले.

कार्ल्सबादचे वाल्टर काउफमान १९३४ साली मुंबईत येऊन उतरले, तेही याच लाटेतून. मुंबईत त्यांनी चेंबर संगीताची मंडळी जमवली आणि व्हायोलिनवादक मेहली मेहता यांच्यासह कार्यक्रम केले. ‘ऑल इंडिया रेडिओ’त त्यांनी नोकरी केली, आणि आकाशवाणीची परिचित धून त्यांच्याच नावावर सांगितली जाते. मुंबईचा भरमहोत्सवी श्रोतृवर्ग तो किती असणार! पण रिकाम्या वेळात त्यांनी आपले राग अभ्यासले, आणि पुढे १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साल्झबर्गच्या परिचयपुस्तिकेत त्यांना स्थान नाही. तरी आपल्या कित्येक पिढ्यांची सकाळ ज्या सुरांनी उजाडली, ते एका निर्वासिताचे सूर होत.

एडिंबरा आणि प्राद

महायुद्ध संपले तेव्हा ग्लाइंडबर्नच्या बिंग यांच्यापुढे एक कल्पना होती. युरोप मोडून पडला आहे, साल्झबर्ग आणि बायरॉइट लयाला गेल्यासारखे आहेत. अशा वेळी बाँबहल्ल्यांतून बऱ्याच अंशी वाचलेल्या एखाद्या ब्रिटिश शहरात महोत्सव भरवावा. १९४७ च्या ऑगस्टमध्ये एडिंबराचा पहिला महोत्सव भरला. अन्नाचे, कोळशाचे रेशनिंग चालूच होते. बिंग यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकला बोलावले आणि संचालनासाठी ब्रुनो वाल्टर यांना. ज्या वाद्यवृंदापासून १९३८ साली ते तुटले होते, त्याच्यासमोर ते प्रथमच उभे राहिले. कॅथलीन फेरियर यांच्यासह त्यांनी आपले गुरू माहलर यांचे ‘धरणीचे गीत’ सादर केले. नाझींच्या राज्यात माहलरचे संगीत निषिद्ध होते.

आपल्या सहकाऱ्यांना हाकलताना जे वादक गप्प राहिले, किंवा ज्यांनी हातभार लावला, त्यांच्यातल्या काहींसमोर छडी उचलताना वाल्टर यांच्या मनात काय आले असेल? ते क्षमाशील होते म्हणावे, की त्या वाद्यवृंदाच्या नादावाचून त्यांना राहवत नव्हते? दोन्ही खरे असू शकते. संचालकाचे वाद्य माणसांचे असते असे आम्ही वर म्हटले. ते वाद्य कलंकित झाले, तरी तसे दुसरे मिळत नाही.

पाब्लो कासाल्स यांनी उलट वाट धरली. १९३९ साली स्पेनमध्ये फ्रँकोचा जय झाल्यावर हे कातालान चेलोवादक सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्राद या लहान गावी येऊन राहिले. हिटलर पडला, तसे दोस्त राष्ट्रे फ्रँकोलाही घालवतील अशी त्यांची आशा होती. ती खोटी ठरली, तेव्हा इंग्लंडमधले मानसन्मान सोडून त्यांनी जाहीर वादनच थांबवले. चेलोवादकाला वाद्यवृंदाची गरज नसते. घरी ते रोज वाजवत. जगाला मात्र ते ऐकू येईनासे झाले.

१९५० हे बाखच्या मृत्यूचे द्विशताब्दी वर्ष. बुडापेस्ट क्वार्टेटमधले व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी सुचवले: तुम्ही जगाकडे येत नसाल, तर जग तुमच्याकडे येईल. जूनमध्ये प्रादच्या सें प्येर चर्चमध्ये महोत्सव भरला. आयझॅक स्टर्न, सिगेटी, रुडॉल्फ सेर्किन, क्लारा हास्किल, होर्शोव्स्की अशी मंडळी त्या आडगावी आली. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा दंडक होता. कासाल्स यांनी आपला नकार मोडला नाही. नकाराच्याच जागेवर त्यांनी व्यासपीठ मांडले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आडोल्फ बुश, त्यांचे जावई सेर्किन आणि फ्रेंच बासरीवादक मार्सेल मोईझ यांनी मार्लबरोचा महोत्सव उभा केला. तेथे बुजुर्ग आणि तरुण एकत्र बसून आठवडेच्या आठवडे तालीम करतात, आणि बसलेली प्रत्येक कृती सादर झालीच पाहिजे असे बंधन नसते. कारकिर्दीच्या बाजारापासून मुद्दाम दूर नेलेला हा महोत्सव होता. व्यासपीठ असे एकदा हातचे गेलेल्या माणसांनाच हे सुचावे, यात नवल नाही.

प्रादच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पियानोवादक आल्फ्रे कोर्तो तरुणपणी कासाल्स यांचे त्रयीतले सोबती. युद्धकाळात त्यांनी फ्रान्समधल्या व्हिशी सरकारात पद घेतले आणि १९४२ साली जर्मनीत वादन केले. युद्धानंतर त्यांनी आपली चूक कासाल्स यांच्यापाशी कबूल केली. १९५८ साली कासाल्स यांनी त्यांना प्रादला बोलावले आणि दोघे म्हातारे एकत्र वाजवायला बसले. फ्रँकोशी तडजोड न करणारा हाच माणूस. त्यांचा नकार सूड म्हणून नव्हता, हे यावरून कळते.

परिचयाचा आदर्श नमुना

या साऱ्याच्या उलट, परिचय-वाङ्मयाचा आदर्श नमुना पाहायचा तर हर्बर्ट फॉन कारायान यांचा पाहावा. जन्म १९०८, साक्षात साल्झबर्ग येथे. १९३५ साली आखेनला जर्मनीतले सर्वांत तरुण मुख्य संगीतसंचालक. १९३८ साली बर्लिनच्या वृत्तपत्राने त्यांना चमत्कार ठरवले. १९४८ साली साल्झबर्ग महोत्सवात, १९५६ साली त्याच महोत्सवाचे कलासंचालक, १९६० साली तेथील भव्य नव्या नाट्यगृहाचे उद्‌घाटन, १९६७ साली स्वतःचा ईस्टर महोत्सव. १९८९ साली मृत्यू येईपर्यंत साल्झबर्गवर त्यांचेच राज्य होते. या ओळींत एकही नकार नाही, आणि नाझी पक्षाचे सदस्यत्वही नाही. युद्धानंतरची थोडी वर्षे बंदी होती. तिचीही जागा कोरी असते. त्यांची कला थोर होती, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ज्या जागा राइनहार्ट, वाल्टर आणि रोझे यांना सोडाव्या लागल्या, त्या जागांवरच ही अखंड कारकीर्द उभी आहे, हे परिचय वाचणाऱ्याला कोण सांगणार?

नकारालाही पुढे वय येते, आणि त्याचा अर्थ बदलतो, हे मात्र विसरता कामा नये. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा पॅलेस्टाईन वाद्यवृंदाने कार्यक्रमातून वॅग्नर वगळला. हाच वाद्यवृंद पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला, आणि मेहली मेहता यांचे मुंबईत जन्मलेले चिरंजीव झुबिन मेहता यांनी २०१९ पर्यंत अनेक दशके त्याचे नेतृत्व केले. १९८१ साली तेल अवीव येथे त्यांनी मुख्य कार्यक्रमानंतर वॅग्नरच्या ‘ट्रिस्टान’मधला अंश वाजवला; सभागृहात गदारोळ झाला. तोस्कानिनी यांनी याच वाद्यवृंदासमोर वॅग्नर वाजवला होता, हे मेहता यांच्या बाजूने सांगता येते. पण मधल्या काळात छावण्या घडल्या होत्या, आणि त्यांतून वाचलेली माणसे त्या सभागृहात बसली होती. संगीत निर्दोष आहे एवढे सांगून त्यांची समजूत काढता येत नाही.

कासाल्स १९७३ साली पोर्टो रिकोत वारले. फ्रँको त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेला. १९७९ साली कासाल्स यांचे अवशेष त्यांच्या जन्मगावी, व्हेंद्रेल येथे, नेण्यात आले. जिवंतपणी ते स्पेनमध्ये राहायला परतले नाहीत. त्यांच्या संक्षिप्त परिचयात ‘प्राद, १९५०’ एवढाच उल्लेख बहुधा आढळेल, जसा तोस्कानिनी यांच्या परिचयात ‘बायरॉइट, १९३०-३१’ असा आढळतो. आमच्या विद्यार्थी-मित्रांना आमची एवढीच विनंती आहे, की अशी ओळ वाचताना त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: जगातला अग्रगण्य चेलोवादक त्या आडगावी काय करीत होता, आणि १९३१ नंतर पुढचे साल का नाही?